शेवटच्या वावरापर्यंत पाणी

बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेकडील एका गावी हरभऱ्याच्या ‘विजय’ वाणाची प्रात्यक्षिके घ्यावयाची होती. मी गावात जाऊन निवडक शेतकऱ्यांना बियाणे दिले, बीजप्रक्रिया करून दाखविली, पेरणीचे अंतर सांगितले आणि दिवस सार्थकी लागला असे समजून परत आलो. पुढे फुलोऱ्याच्या वेळी पाहणीस गेलो. बहुतेक प्रात्यक्षिके चांगली होती. एक मात्र वाळत चालले होते. ते वावर एका विधवा बाईंचे होते. मी थोड्या तक्रारीच्याच सुरात म्हणालो, “आक्का, फुलोऱ्यात एक पाणी द्या म्हणून सांगितले होते ना?”

बाई रागावल्या नाहीत. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, “भाऊ, बी चांगलं शे. पन मन्हा वावरलगून पानीच येत नही, ते मी काय करू?”

मग हळूहळू सगळे कळले. विहीर सामाईक, वाटेकरी चार. पाळ्या ठरलेल्या होत्या. पण आक्कांची पाळी नेमकी रात्रीच्या विजेच्या वेळी येई. घरात कर्ता पुरुष नाही, मुलगा शाळेत जाणारा. अंधारात मोटार सुरू करायची आणि पाटाच्या कडेने आपल्या वावरापर्यंत चालत यायचे. तोवर वरच्या अंगाला पाट फुटलेला, नाहीतर कुणी फोडलेला. पुन्हा उलट जायचे, चिखलात हात घालून पाट बांधायचा. विंचू-सापाची भीती वेगळीच. आक्का दोनदा गेल्या, तिसऱ्यांदा गेल्या नाहीत.

वरचे वाटेकरी दुष्ट होते असे कृपया समजू नका. ते आक्कांचे भाऊबंदच होते. त्या आजारी पडल्या तेव्हा बैलगाडी जुंपून त्यांनीच दवाखान्यात नेले होते. घरात दाणे कमी पडले तर पायलीभर ज्वारी त्यांच्याकडूनच येई. कळवळा होता. पाणी मात्र पोचत नव्हते.

बी.एस्सी.च्या वर्गात मी हरभऱ्याला पाणी केव्हा द्यावे हे शिकलो होतो. ते पाणी पिकापर्यंत कोण नेणार हा प्रश्न मला परीक्षेत कधी आला नव्हता, आणि बियाणे वाटताना मीही तो आक्कांना विचारला नव्हता. चूक माझीच होती. तिचे उत्तर पुढे मला शेजारच्या धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी सापडले. ते उत्तर तीन-चारशे वर्षांचे जुने होते.

पांझराकाठची युक्ती

सह्याद्रीच्या डोंगरातून पिंपळनेरच्या बाजूने पांझरा नदी खाली उतरते आणि साक्री, धुळे असा प्रवास करून तापीला मिळते. या नदीवर, तसेच नाशिक जिल्ह्यातून येणाऱ्या मोसम, आरम आणि गिरणा या नद्यांवर आपल्या पूर्वजांनी जागोजाग दगडी बंधारे बांधले. बंधाऱ्याने पाणी अडवायचे, ते कालव्यात घ्यायचे, कालव्यातून चाऱ्यांत, चाऱ्यांतून सारंगांत आणि सारंगांतून वावरात सोडायचे. जादा झालेले पाणी सांडम नावाच्या वाटेने परत नदीला मिळते. काही कालवे दोन-तीन किलोमीटरचे, काही दहा-बारा किलोमीटर लांबीचे. उताराने पाणी आपोआप येते. ना मोटार, ना वीज.

इथवर नवल काही नाही. बंधारे पुष्कळ ठिकाणी असतात. खरी युक्ती पुढे आहे. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे मोठमोठे भाग पाडलेले असतात. त्या प्रत्येक भागाला फड म्हणतात. सामान्यतः एका बंधाऱ्याखाली असे चार फड. लहान फड दहा-बारा हेक्टरचा, मोठा शंभर-दोनशे हेक्टरचा. एका फडात एका हंगामात एकच पीक. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखे हंगामी पीक. पुढे फेरपालट. कोणत्या फडात काय घ्यावयाचे हे एकटा शेतकरी ठरवीत नाही, गावचे पंच सर्वांना बसवून ठरवितात.

आपल्याला वाटेल, माझ्या वावरात काय पेरायचे हे गावाने का सांगावे? मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण याचे कारण शेतीच्या अंगाने पाहा. उसाच्या शेजारी हरभरा असला तर उसाचे पाणी पाझरून हरभरा पिवळा पडतो. दोघांच्या पाण्याचे दिवस जुळत नाहीत, मग भांडण ठरलेलेच. सगळ्या फडात एकच पीक असले की एकाच फेरीत सर्वांचे पाणी होते. पिकाची राखण सोपी जाते. कापणी बरोबर होते, मग गुरे सोडायलाही हरकत नाही. फेरपालटामुळे जमिनीला विसावा मिळतो, ती सारखी ओली राहून खारवटत नाही.

पाणी वावराला, माणसाला नाही

फड पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिथला पाटकरी. फडात शेतकरी आपले पाणी आपण भरीत नाही. गावाने नेमलेला पाटकरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी वावरे भिजवीत जातो. पाटकऱ्यांवर देखरेख करायला हवालदार. पिकाची राखण करायला, गुरे हुसकायला जागल्या. या साऱ्यांचा मेहनताना परंपरेने खळ्यावर धान्याच्या रूपाने दिला जाई आणि तो सर्व शेतकऱ्यांकडून जमिनीच्या प्रमाणात गोळा होई. पाटकऱ्याचे पोट एका मालकावर अवलंबून नाही, साऱ्या फडावर आहे. म्हणून त्याला कुणा एकाची भीड बाळगण्याचे कारण नाही.

साक्री तालुक्यात एका म्हाताऱ्या पाटकऱ्याशी माझी ओळख झाली. सत्तरी ओलांडलेली, पण फावड्याच्या एका ओढीत दंड बांधणारा माणूस. मी त्यांना विचारले, “बाबा, एखाद्याशी तुमचे भांडण असेल तर त्याच्या वावरात पाणी कमी सोडता का?” ते हसले. म्हणाले, “फडमा पानीले मालकनं नाव ऱ्हात नही. पानी वावरले जास, मानूसले नही.”

हे वाक्य ऐकताच मला आक्का आठवल्या. फडात त्यांचे वावर असते तर? रात्री उठायचे कारण नव्हते. घरात पुरुषमाणूस आहे की नाही हे कुणी विचारले नसते. म्हातारा-म्हातारी, आजारी माणूस, ज्याचा मुलगा सुरतेला कामाला गेला आहे तो बाप, या सर्वांचे वावर शेजाऱ्याच्या वावराबरोबरच भिजते. त्यांना कुणापुढे हात पसरावा लागत नाही आणि कुणाचे उपकारही मानावे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. नदीला पाणी बेताचे असेल त्या वर्षी पंच भिजवायचे फड कमी करतात, बाकीचे कोरडे ठेवतात. शेतकऱ्यांच्या जमिनी सामान्यतः एकाहून जास्त फडांत विखुरलेल्या असतात. त्यामुळे तोटा आला तर तो वाटला जातो. कालव्याच्या तोंडाशी असणाऱ्याचे भरघोस पिकले आणि शेवटच्याचे करपले, असे होण्याला आळा बसतो. उन्हाळ्यात कालव्यातला गाळ काढायला, बंधाऱ्याची डागडुजी करायला सारे गाव उतरते. गाव करी ते राव न करी असे आपण म्हणतो, त्याचा हा चालता-बोलता नमुना.

ही युक्ती ज्याने कुणी प्रथम काढली त्याचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही. पण त्याने माणसाचा स्वभाव नीट ओळखला होता. शेजाऱ्याविषयी माया सर्वांनाच असते, पण आपलेच पीक सुकत असते तेव्हा ती माया बाजूला राहते. म्हणून त्याने ती माया माणसाच्या मनावर सोडली नाही. फडाची आखणी, एक पीक आणि पाटकरी या तीन गोष्टींत ती बांधून टाकली.

एका तरुण इंजिनियरची पहिली नोकरी

पुढे भारतरत्न झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक इंजिनियर म्हणून लागले. सुरुवातीच्या काळात ते आपल्या खानदेशात, धुळ्याला होते. पांझरेच्या एका कालव्यावर नळांचा सायफन बांधण्याचे काम त्यांनी त्याच काळात केले. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. पाणी थोड्याच गावांत, थोड्याच बागायतदारांकडे न साचता जास्त गावांना मिळावे आणि ठरावीक गटांत पिकांची फेरपालट व्हावी, हा तिचा हेतू होता. खानदेशच्या फडाशी तिचे साम्य सहज दिसते. आपल्या आजोबा-पणजोबांची शहाणीव थोर इंजिनियरच्या विचाराच्या जवळ जाणारी होती, याचा आपण अभिमान बाळगायला हरकत नाही.

फड का मोडले?

मात्र नुसता अभिमान बाळगून भागणार नाही. आज पांझराकाठी फिरलात तर बरेच फड मोडलेले दिसतील. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली. लाटीपाड्याचे झाले, पुढे अक्कलपाड्याचे झाले. नदी पूर्वीसारखी वाहती राहिली नाही. त्याआधीपासूनच विहिरी आणि मोटारी आल्या होत्या. ज्याच्या विहिरीला पाणी त्याला पंचांची गरज वाटेनाशी झाली. एकाने हंगामी पिकाच्या फडात ऊस लावला की दुसरा लावतो, आणि मग फड नावापुरता राहतो. जमिनीचे तुकडे पडले, तरुण शहरात गेले, पाटकऱ्याचा धान्याचा मेहनताना कुणाला परवडेना, पाटकऱ्याच्या मुलालाही ते काम नकोसे झाले.

फड पद्धत सर्वगुणसंपन्न होती असेही नाही. ज्याची जमीन कालव्याखाली त्यालाच पाणी. भूमिहीन मजुराला फडात राबण्यापलीकडे काही मिळत नव्हते. ही उणीव पुढे एका माणसाने भरून काढण्याचा प्रयत्न केला.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे पाहून पुण्याचे एक उद्योजक, इंजिनियर विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात नायगावला त्यांनी देवस्थानची पडीक माळजमीन कराराने घेतली. बांध घातले, पाणी अडविले आणि ती हिरवी करून दाखविली. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा मुख्य नियम असा की पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने. घरातील दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे पाणी. उसासारखे फार पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. खर्चाचा काही भाग गावकऱ्यांनी स्वतः उचलायचा. आणि रोजचे वाटप करायला, फडासारखाच, नेमलेला पाटकरी! साळुंखे २००२ साली वारले. पण पाण्यावर माणूस म्हणून हक्क सांगता येतो, हा विचार त्यांनी महाराष्ट्राला दिला.

आणखी एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. साक्री तालुक्यातले बारीपाडा हे आदिवासी गाव. जंगल तुटले, झरे आटले, बायाबापड्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागे. चैत्राम पवार यांनी शिक्षण घेऊन शहराची वाट धरण्याऐवजी गावातच राहायचे ठरविले. गावाने एकत्र बसून जंगल राखायचे नियम केले. झाड तोडील त्याला दंड, राखणीला माणसे, आणि नियम सर्वांना सारखा. जंगल परत आले, त्याच्यामागून पाणी आले. चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिथेही नुसता कळवळा नव्हता, त्याला नियमाचा बांध होता.

आपल्या शिवारात काय करता येईल?

आता पुन्हा फड घाला असे मी सांगणार नाही. नदी बदलली, पिके बदलली. पण त्यातली युक्ती आजही लहान प्रमाणावर वापरता येते. माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

पहिली, सामाईक विहीर किंवा सामाईक पाइपलाइन असेल तर सर्वांनी मिळून पाणी भरणारा एक माणूस नेमावा. चार घरची चार माणसे रात्री जागण्यापेक्षा एकाने जागावे आणि त्याला सर्वांनी मिळून योग्य मोबदला द्यावा.

दुसरी, पाळ्या कायमच्या ठरवू नयेत, त्या फिरत्या ठेवाव्यात. एका आठवड्यात ज्याची रात्र, पुढच्या आठवड्यात त्याचा दिवस. वीज कुणाच्या हातात नाही, पण तिचा त्रास वाटून घेणे आपल्या हातात आहे.

तिसरी, ठिबक संच बसविणाऱ्यांसाठी. जळगाव जिल्ह्याने ठिबकात मोठे नाव मिळविले आहे आणि ते योग्यच आहे. पण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजल खोल गेले हेही आपण पाहतो. ठिबकाने वाचलेले पाणी आपण आणखी केळी लावण्यात घालविले तर विहीर होती तिथेच, किंवा त्याहून खाली. त्यातले थोडे शेजारच्या शेवटच्या वावराला गेले तरच ते वाचले असे म्हणता येईल.

चौथी, कालव्याच्या लाभक्षेत्रात असाल तर पाणी वापर संस्थेच्या सभेला जा. २००५ च्या कायद्याप्रमाणे या संस्थांच्या कारभारात कालव्याच्या तोंडाच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातल्या शेतकऱ्यांना सारखे प्रतिनिधित्व आहे. शेवटच्या भागातल्यांनी घरी बसून कुरकुर करण्यापेक्षा आपला माणूस तिथे पाठवावा. बायकांच्या नावावर जमीन असेल तर बायकांनी जावे. घरातला पुरुष जाऊन आला म्हणजे झाले, असे मानू नये.

आक्कांच्या विहिरीवर

त्या हंगामात आक्कांचा हरभरा वाचला नाही. पण पुढच्या वर्षी पेरणीपूर्वी मी त्या म्हाताऱ्या पाटकरी बाबांना विनंती करून गावी आणले. चारही वाटेकरी विहिरीच्या थारोळ्याशी बसले. मी फारसे बोललो नाही, बाबाच बोलले. त्यांनी वावरे पायी फिरून पाहिली, पाट कुठे फुटतो ते दाखविले आणि म्हणाले की, पहिले बारे नेहमी शेवटच्या वावरापासून सुरू करा. शेवटचे भिजले की वरचे भिजल्यावाचून राहत नाही. उलट केले तर शेवटचे राहतेच.

दुपारपर्यंत वाद झाला. अखेर गावातल्याच एका भूमिहीन माणसाला पाणी भरायला नेमायचे ठरले. मेहनताना खळ्यावर, चौघांनी सारखा. पाळ्या फिरत्या. पाळीपत्रक कागदावर लिहिले तर आक्कांना वाचता येत नव्हते. तेव्हा त्यांच्या मुलाने मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर गेरूने चार खुणा काढल्या. एका घराची नांगर, दुसऱ्याची बैल, तिसऱ्याची कळशी आणि आक्कांच्या घराची तुळस. ज्याची पाळी त्याच्या खुणेखाली चुन्याचा ठिपका. सातवीतल्या पोराला सुचलेली ही सोय आम्हा मोठ्या माणसांपैकी कुणालाच सुचली नव्हती.

सगळे सुरळीत झाले असे नाही. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात विहीर खाली गेली तेव्हा एक वाटेकरी रुसून बाहेर पडला. पुढच्या रब्बीला, एकट्याने दोन महिने रात्री जागल्यावर, आपणहून परत आला. आक्कांच्या हरभऱ्याचे किती पोते झाले हे मी येथे सांगत बसत नाही. त्या रात्री घरी झोपू लागल्या, एवढे सांगतो.

मध्यंतरी त्या गावावरून जाण्याचा योग आला. आक्का थकल्या आहेत, शेती मुलगा पाहतो. विहिरीच्या अगदी तोंडाशी ज्यांचे वावर, ते वाटेकरीही आता म्हातारे झाले. त्यांची दोन्ही मुले सुरतेला असतात. मी त्यांना विचारले, “दादा, मग पाणी कोण भरतो?” त्यांनी मोटारीच्या खोलीकडे बोट दाखविले. भिंतीवर नवा गेरू दिलेला होता. नांगराच्या खुणेखाली चुन्याचा ताजा ठिपका होता आणि खाली वावरात आक्कांचा मुलगा फावडे घेऊन दादांच्या गव्हाला पाणी भरीत होता.